हॉलच्या गेटपर्यंत जातो आणि परत येतो

प्रश्न: ताई, मी गोव्यातल्या डिचोलीकडचा, वय 44. खाणीवर माझा टिपर चालायचा, 2012 मधे खाणी बंद पडल्या तेव्हा गाडी विकली, आता एका कंपनीत जातो. पिणं आधी पण होतं पण मग वाढतच गेलं, आता रोज दोन-तीन क्वार्टर आणि हुर्राकच्या (काजूच्या दारूच्या) दिवसात तर सकाळपासून. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलीय. चवथीआधी मी आपणच बंद केली होती, पण हात थरथरायला लागले, घाम फुटायचा, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली जी नव्हतीच, घाबरून परत घेतली. एकाने एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगचं सांगितलं. दोनदा गेलो पण ती चर्चच्या हॉलमधे, मी हिंदू, इंग्लिश धड येत नाही, आणि आत कोण ओळखीचा निघाला तर? गेटवरूनच परत आलो. आत नेमकं काय करतात, पैसे किती लागतात?
– एक वाचक

उत्तर: भाऊ, मीटिंगचं सांगतेच, पण आधी त्या मुंग्यांचं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाला सरावतो आणि उलट जोर लावत राहतो, दारू एकदम काढली की तो जोर मोकळा सुटतो, म्हणून थरथर, घाम, पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास. यात माणूस दगावतो सुद्धा. तेव्हा परत घरी एकट्याने बंद करू नका. बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जा, मुंग्या दिसल्या होत्या हे न लाजता सांगा, डॉक्टर काही दिवस औषधं देऊन दारू सुरक्षितपणे उतरवतात, गरज असली तर दाखल करून घेतात. घरी असताना फिट आली किंवा परत भास झाले तर सरळ 108 ला फोन. मीटिंग हे औषध नाही, पण औषधं चालू असताना मीटिंगला जाता येतं.

आता चर्चचं. माझे बाबा दारू प्यायचे, आणि ते पहिल्यांदा गेले ती मीटिंग पण चॅपलच्या हॉलमधेच होती, आई आणि मी सोबत गेलो होतो. घरातल्यांनाही बसता येतं ती ओपन मीटिंग, फक्त पिणाऱ्यांसाठी असते ती क्लोज्ड, हे फोनवर आधी विचारून घ्या. हॉल भाड्याने घेतलेला असतो एवढंच, एए कुठल्याच धर्माची नाही, दारू सोडायच्या त्यांच्या 12 पायऱ्यांमधे देवाचं नाव येतं पण ज्याला जसा कळेल तसा देव, तुम्ही मनात शांतादुर्गेला धरलंत तरी चालतं. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, नवीन माणसाने काही टाकायची गरज नसते. आत यायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी.

आत गेल्यावर एकजण सुरुवातीचं वाचून दाखवतो, मग एकेक जण उठून पहिलं नाव सांगतो आणि आपलं सांगतो, कोणी मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर आज फक्त ऐकतो म्हणा, बस. बाबा पाच आठवडे दाराजवळच्या खुर्चीवर नुसते बसून होते, सहाव्या आठवड्यात बोलले ते कोकणीतून. गोव्यात कोकणीतून मीटिंगा होतात, तुम्हाला ती कळतेच, आणि तुम्ही मराठीत बोललात तर सगळ्यांना समजतं. फोन करताना मीटिंग कुठल्या भाषेत असते तेवढं विचारा.

ओळखीचा निघाला तर तो पण त्याच कारणासाठी आलेला असणार ना. तरी जीव घाबरत असेल तर डिचोलीजवळची सोडा, म्हापशाची किंवा पणजीची धरा. एएच्या भारतातल्या वेबसाईटवर गोव्यातल्या मीटिंगा आणि फोन मिळतात, वेळ बदलते म्हणून निघण्याआधी फोन कराच, तिकडे बोलणारा बहुतेक स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो, त्यालाच सांगा की मी गेटवरून परत येतो, मला कोणीतरी बाहेर भेटा. हे मागायला लाजू नका, त्यांना याची सवय असते. सरकारची 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाईन पण आहे.

आणि परत प्यालो तर काय ही भीती तुम्ही लिहिली नाही पण ती असणारच. एए सुरू झाली ती 1935 मधे अमेरिकेत, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारुडे, भेटले. सर्जनने 15 मिनिटंच बोलायचं कबूल केलं होतं आणि दोघं सहा तास बोलत बसले, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, आपलीच गोष्ट सांगत होता. तोच सर्जन काही आठवड्यांनी कॉन्फरन्सला गेला आणि परत प्याला. मग 10 जून 1935 ला शेवटची घेतली, त्यानंतर मरेपर्यंत नाही. त्यामुळे घसरलात तरी पुढच्या मीटिंगला जा, कोणी हाकलत नाही.

वहिनींना मीटिंगला चला म्हणून आत्ताच आग्रह करू नका, त्यांनाही थकवा आला असेल. घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, माझ्या आईला त्याचा खूप आधार झाला, एवढंच त्यांच्या कानावर घाला.

एक शेवटचं, परतीची शेवटची बस किती वाजता ते आधी विचारून ठेवा, कारण मीटिंग संपली की लोक चहाला थांबतात आणि फोन नंबर तिथेच मिळतात, संध्याकाळी सात वाजता हात बारकडे वळायला लागला की तेव्हा फोन करायला ते नंबर लागणार आहेत.