चेक भाषा मराठी माणसाला जमेल का? की दोन वर्षं इंग्रजीवर भागवावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनी तुम्हाला दोन वर्षांसाठी चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावला पाठवते आहे, ऑफिसात इंग्रजी चालतं, आणि चेक ही 'भयंकर अवघड' भाषा असल्याचं तुम्ही सगळीकडे वाचलंय. मी बरीच वर्षं ब्रनोत राहतो. माझं मत: शिकाच. ती वर्णनं बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांनी लिहिलेली असतात, आणि त्यांना ज्याची धास्ती वाटते त्यातलं निम्मं आपल्या घरचंच आहे.

त्यांच्या विभक्त्या सात. आपण शाळेत संबोधनासकट आठ घोकल्यात. 'पुणे'चं 'पुण्यात' होतं तसं 'प्राहा'चं (म्हणजे प्रागचं) 'प्राझे' होतं. याना नावाच्या बाईला हाक मारायची तर 'यानो'. लिंगंही तीनच. 'मी होतो' म्हणताना पुरुष 'बिल' म्हणतो आणि बाई 'बिला'. यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही. चाकातला च आणि चहातला च त्यांच्याकडेही वेगळे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या अक्षरांनी लिहितात. तू आणि तुम्हीचा भेद तर आहेच. 'तू'वर यायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने मांडायचा असतो, तोवर 'तुम्ही'च.

घाम फुटतो तो दुसरीकडे. र आणि झ एकाच वेळी उच्चारायचा तो संगीतकार द्वोर्झाकच्या नावातला आवाज. चेक मुलांनासुद्धा त्यासाठी उच्चारतज्ज्ञाकडे जावं लागतं. क्रियापदं जोडीने येतात, एक चालू क्रियेसाठी आणि एक पुऱ्या झालेल्या. आणि आकड्यांची गंमत बघा: एक बिअर 'पिवो', दोन ते चार 'पिवा', पाचपासून पुढे 'पिफ'. हे कोष्टक लोक लवकर शिकतात, का ते सांगायला नको.

पण वर्गात कुणी नीट सांगत नाही ती अडचण वेगळीच: पुस्तकातली चेक आणि कॅन्टीनमधली चेक एक नाही. याचं कारण इतिहासात आहे. १६२० साली बिला होरा, म्हणजे पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चेक सरदार ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडून हरले. त्यानंतर हळूहळू कारभार, उच्च शिक्षण आणि शहरी प्रतिष्ठा जर्मनकडे गेली. चेक मुख्यतः खेड्यांत आणि सामान्य लोकांत टिकली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी ती पुन्हा ग्रंथभाषा म्हणून उभी केली, त्यांनी बोलीचा आधार न घेता दोनशे वर्षांपूर्वीची, क्रालित्से बायबलच्या (बायबलच्या जुन्या चेक भाषांतराच्या) काळातली भाषा प्रमाण मानली. (त्यातले अग्रणी योसेफ दोब्रोव्स्की. १८०९ सालचं त्यांचं चेक व्याकरण जर्मनमध्ये आहे!) तोवर लोकांची जीभ बरीच पुढे गेली होती. म्हणून पुस्तकात 'दोब्री' आणि 'ओक्नो', तर प्राग-बोलेस्लावकडे बोलताना 'दोब्रेय' आणि 'वोक्नो'. ब्रनोकडे, म्हणजे आमच्या मोराव्हियात, हे कमी. प्रागकडच्या बोलीला अशुद्ध समजू नका; तिकडचे प्राध्यापकही घरी असंच बोलतात. कान पहिल्या दिवसापासून तिला सरावू द्या, पण तोंडाने पहिलं वर्षभर प्रमाणच बोला. परक्या माणसाच्या तोंडी ती सैल बोली उगाच सलगी केल्यासारखी वाटते.

रोजच्या वागण्यात फार शिकायला लागत नाही. लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, छोट्या दुकानात शिरताना 'दोब्री देन' म्हणायचं, निघताना 'ना स्ख्लेदानोउ'. घरात चपला बाहेर, आपल्यासारख्याच. त्यांचा विनोद समजायला मात्र वेळ द्या. २००५ साली टीव्हीवर 'सर्वश्रेष्ठ चेक' निवडायची स्पर्धा झाली, तेव्हा लोकांनी यारा त्सिम्रमन या पूर्णपणे काल्पनिक महापुरुषाला इतकी मतं दिली की आयोजकांना त्याला बाद करावं लागलं. मग राजा चौथा कारेल पहिला आला.

परीक्षेचं दडपण तुम्हाला नाही. कायमच्या वास्तव्यासाठी चेकची ए२ (प्राथमिक) पातळी लागते, नागरिकत्वासाठी त्यावरची बी१ आणि वर देशाच्या माहितीची चाचणी. परदेशी लोकांसाठीच्या एकात्मता केंद्रांत मोफत वर्ग असतात, पोचल्यावर आधी तिथे चौकशी करा.

आणि सहा महिने शिकूनही एखाद्या सहकाऱ्याचं बोलणं विचित्र वाटलं, तर तो स्लोव्हाक नाही ना, ते आधी विचारा. १९९२ संपेपर्यंत दोघांचा देश एकच होता. अजूनही दोघं आपापल्या भाषेत बोलत राहतात आणि मध्ये दुभाषा लागत नाही.