पंधरा दिवस हातचे गेले. पुढच्या पाणी बिलाचे जाऊ देऊ नका

कोल्हापूरच्या उपनगरातल्या एका वाचक ताईंनी विचारले आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, नळ कनेक्शन एक आणि चुली तीन: थोरले दीर, त्या स्वतः आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मीटर बरेच दिवस बंद होता, म्हणून सरासरीने बिल येत होते. मे महिन्यात थकबाकी धरून मोठे बिल आले. त्यात सांडपाणी अधिभारही आहे, पण गल्लीत अजून ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँकच आहे. यजमान विभागीय कार्यालयात अनेकदा जाऊन आले, "बघतो" एवढेच ऐकून परतले. डिसेंबरात कनेक्शन तोडण्याची नोटीस आली. ताई विचारतात, "हा दर ठरवतो कोण, आणि आम्ही महापालिकेवर केस करू का?"

अशी पत्रे माझ्याकडे सतत येतात. पेठ बदलते, रक्कम बदलते, बाकी सगळे तेच. बिल जास्त आहे की नाही, यावर तुमचे प्रकरण ठरणार नाही, ताई. ते ठरणार आहे बिल हातात पडल्याच्या तारखेवर, आणि ती तारीख तुम्ही कुठेही लिहून ठेवलेली नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 यातले कलम 406 काढून वाचा. महापालिकेने लावलेल्या कराविरुद्ध अपील दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे करता येते. पण त्याच कलमात अट आहे की तक्रारीचे कारण घडल्यापासून पंधरा दिवसांत अपील आले पाहिजे. कारण कधी घडले असे धरायचे, ते कलम 407 सांगते: पैशाची मागणी झाली किंवा बिल बजावले गेले तो दिवस. यजमान शेवटचे कधी भेटले, साहेब काय म्हणाले, याला तिथे जागा नाही. दुसरी अट आणखी बोचते. वादातली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केल्याशिवाय अपील ऐकलेच जात नाही. म्हणजे मे महिन्याच्या बिलावर भांडायचे होते, तर बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरून, पावती जोडून न्यायालयात उभे राहायला हवे होते. तुम्ही पैसेही भरले नाहीत आणि कागदही दिला नाही. सात महिने तोंडी विनवण्यांत गेले. मला याचा राग येतो, कारण एका पानाचा अर्ज आणि आवक शिक्का एवढ्याने तुमची बाजू पुष्कळ सावरली असती.

विलंब माफ होईल का? अर्ज करता येईल, त्यावर वादही घालता येईल. पण "कार्यालयात हेलपाटे घालत होतो" हे कारण लेखी पुराव्याशिवाय टिकणे कठीण. त्या आशेवर घर बांधू नका.

पुढचे बिल आले की त्यातल्या चालू आकारापुरती तक्रारीची नवी तारीख मिळते. जुनी थकबाकी नव्या बिलात ओढून दाखवली म्हणून ती पुन्हा जिवंत होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. समोरचा वकील त्यालाच पहिला विरोध करील. पण चालू आकाराचा दर, अधिभार आणि सरासरी हे तिन्ही मुद्दे नव्या बिलावर मांडता येतात, आणि तिथे निकाल तुमच्या बाजूने लागला तर मागच्या हिशोबाबद्दल बोलायला तुम्हाला आधार मिळतो. म्हणून बिल येईल त्या दिवशी त्याच्या मागे तारीख लिहा, आणणाऱ्याचे नाव लिहा, फोटो काढा.

इथे एक पेच आहे, तो आधीच सांगतो. कलम 406 "कर" म्हणते. तुमचे बिल मीटरचे आहे, आणि मीटरने घेतलेला आकार म्हणजे कर नव्हे, असे कोणीही म्हणू शकते. कलम 134 प्रमाणे आयुक्तांना, स्थायी समितीने मान्य केलेल्या प्रकारांत, पाणीकराऐवजी मोजून पैसे घेता येतात, आणि त्याचा दर स्थायी समिती ठरवते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. नोव्हेंबर 2020 मध्ये कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे हे अधिकार प्रशासकांनी वापरले, म्हणून त्या काळातला दर प्रशासकीय ठरावात शोधा. मोजून पैसे घेतले की त्याच जागेवर पाणीकर लागत नाही, मात्र थकलेली रक्कम कराच्या थकबाकीसारखीच वसूल होते. घरफाळ्याचे बिल काढून त्यातही पाणीकर लावलेला नाही ना, तेवढे तपासा. पाणीपुरवठा लाभ कर हे शीर्षक वेगळे आहे, त्याची गल्लत करू नका.

कर नाही म्हणून अपील नाही, असे ठरले तर दिवाणी दावा उरतो. तिथे कलम 487 आड येते: आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा. मे महिन्याचे बिल धरले तर तीही मुदत सरली. डिसेंबरची नोटीस हे नवे कारण धरता येईल का? तोडण्याच्या कृतीपुरते मी धरीन, रकमेपुरते मला खात्री नाही. ग्राहक आयोगाकडे 2019 च्या कायद्याने दोन वर्षे मिळतात, आणि मीटरचे पैसे देणारा ग्राहक आहे असे म्हणायला जागा आहे; पण आयोग हा कराचा वाद म्हणून हात झटकू शकतो. या सगळ्यांतून सुरक्षित वाट एकच दिसते. पुढच्या बिलावर पंधरा दिवसांची मुदत लागू आहे असेच धरून चाला. ती लागू नाही असे नंतर कळले तर तुमचे काही बिघडत नाही. उलटे घडले तर दार बंद.

आता दराचे. काळम्मावाडी धरणातून आणलेल्या थेट पाइपलाइनचे पाणी 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आले, मग बिल उतरत का नाही, असा सूर पत्रांत असतो. न्यायालयात हा मुद्दा नेऊ नका. काळम्मावाडीचे पाणी असो की शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशाचे, उपसा पंपांचे वीजबिल, जलसंपदा विभागाला द्यायचे कच्च्या पाण्याचे पैसे, तुरटी आणि क्लोरीन, गळती, पगार, कर्जाचे हप्ते हे सगळे दरात येते. कच्च्या पाण्याचा ठोक दरही महापालिका ठरवत नाही. 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. दर परवडतो का, यात न्यायाधीश सहसा शिरत नाहीत. दर ठरवणारा ठराव आहे का, ठरवणाऱ्याला अधिकार होता का, आणि दर ठरावाच्या आधीच्या महिन्यांना लावला का, एवढे ते पाहतात. माहिती अधिकारात अर्ज टाकून ठरावाची प्रत, दरपत्रक आणि तुमच्या कनेक्शनच्या रिडिंगची नोंद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे, म्हणून हा अर्ज आजच जाऊ दे, नव्या बिलाची वाट न बघता.

तुमच्या घरात पैसा खरा कुठे गळतो, ते मात्र दरपत्रकात नाही, तीन चुलींत आहे. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी रोज 135 लिटर. बारा माणसे धरली तर महिन्याला 48,600 लिटर, म्हणजे हजार लिटरचे एक याप्रमाणे जवळजवळ 49 युनिट. टप्प्यांच्या दरात वापर वाढेल तसे वरचे युनिट महाग पडते. समजा पहिला टप्पा 20 युनिटांचा आहे. चार माणसांची एक चूल महिन्याला सोळा-सतरा युनिटांतच राहील, पण तिन्हींचे पाणी एकाच मीटरवर आले की एकोणतीस युनिटे वरच्या दरात जातात. पाणी तेवढेच, घरे तीन, तरी श्रीमंत वापराचा दर. वेगळी कनेक्शने मागा, भाडेकरूंसाठीही. सासऱ्यांच्या नावावरचे कनेक्शन वारसांच्या नावे करायचे राहिले असेल तर आधी ते करा. वडिलोपार्जित घरांत हे काम पिढीभर तसेच पडून असते आणि अडचण आली की प्रत्येक खिडकीवर तुमचा अर्ज अर्जदाराच्या नावावरूनच परत येतो.

बंद मीटरची तक्रार तोंडी करून काहीच उपयोग नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली नादुरुस्त मीटरची तक्रार ही अधिसूचित सेवा आहे. नागरी सुविधा केंद्रात अर्ज द्या, पोच घ्या. ठरल्या दिवसांत काम झाले नाही तर प्रथम अपील आणि त्यावर द्वितीय अपील महापालिकेतच आहे, आणि कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मीटर बंद असल्याच्या काळात सरासरी कोणत्या महिन्यांच्या रिडिंगवरून काढली, हेही लेखी विचारा. नवा मीटर बसल्यानंतरच्या दोन-तीन बिलांतला खरा वापर सरासरीपेक्षा कमी निघाला, तर यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

सांडपाणी अधिभाराबद्दल तुमचा संताप मला पटतो. त्यावर हमखास निकालाची हमी मात्र देणार नाही. घरातून गटारात जाणारे पाणी कोणी मोजत नाही. आलेल्या पाण्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात, म्हणून हा आकार पाण्याच्या बिलावरच बसवला जातो. मीटर चुकला की अधिभारही आपोआप चुकतो. हा मुद्दा सरळ आहे, तो आधी घ्या. लाइन नसताना पैसे का, हा मुद्दा वाकडा आहे. अधिभार शुल्क असेल तर त्याबदल्यात काही सेवा हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठ प्रकरणात सांगितले. पुढे 1983 मध्ये श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की सेवा आणि शुल्क तराजूत तोलून सारखे निघायची गरज नाही. महापालिका म्हणेल की जयंती आणि दुधाळी नाल्याचे पाणी अडवून शुद्ध करण्याचा खर्च साऱ्या शहराचा आहे, पंचगंगा तुमचीही आहे. त्या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्या बाजूने बोलणारे कागद दोनच: गल्लीत ड्रेनेज लाइन नसल्याचे महापालिकेचे लेखी उत्तर आणि सेप्टिक टँक उपसायला तुम्ही भरलेल्या पैशांच्या पावत्या. पावत्या आहेत ना? बहुतेक घरांत त्या टाकून दिलेल्या असतात.

नोटिशीचे काय, तर ती हलकी घेऊ नका. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत मान्य केले, पण ते पैसे भरून मिळणाऱ्या पाण्याबद्दल होते. नोटिशीतली मुदत संपायच्या आत, जी रक्कम तुम्हालाही मान्य आहे ती भरा. उरलेल्या रकमेचा हप्ता मागा. सोबत "हक्क व हरकत राखून भरणा" असे लिहिलेले पत्र आवक शिक्क्यानिशी द्या. पावतीवर हे वाक्य कोणी लिहून देत नाही, म्हणून पत्र लागते.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून आपल्याच शहरात बसते, म्हणून थेट तिथेच रिट याचिका करू, असे हल्ली बरेच जण म्हणतात. मुंबईची खेप वाचली ही मोठी गोष्ट आहे, कोल्हापूरने तिच्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. तरीही, खालच्या न्यायालयात अपिलाची सोय असताना तिथे का गेला नाहीत, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येईल. खालच्या न्यायालयातही हे लवकर संपत नाही. एका पाणीबिलाच्या अपिलात तारखांवर तारखा पडत जातात, जमा केलेली रक्कम अडकून राहते, आणि तोवर पुढची बिले येतच असतात. हे बरोबर नाही, आणि म्हणूनच थोड्या रकमेसाठी मी अपील सुचवत नाही. तुमची रक्कम वकिलाच्या फीच्या कितीतरी पट असेल तरच त्या वाटेला जा. नाहीतर लोकसेवा हक्काचे अपील आणि वेगळी कनेक्शने यांनीच तुमचे काम होईल.

लोकअदालतीची नोटीसही तुम्हाला येईल. घरफाळा आणि पाणीपट्टीची दाखलपूर्व, म्हणजे न्यायालयात दावा जाण्याआधीची, प्रकरणे तिथे मोठ्या संख्येने ठेवली जातात. दंड-व्याजात सूट मिळत असेल आणि मूळ रक्कम मान्य असेल तर जरूर जा. मूळ रकमेवरच वाद असेल तर सही करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तिथे टेबलामागची माणसे प्रेमाने बोलतात, रांग पुढे सरकत असते, आणि घरी येऊन हिशोब मांडणारे वाचक मग मला पत्र लिहितात. हिशोब घरीच मांडून जा, आणि यजमानांबरोबर थोरल्या दिरांनाही न्या, कारण कनेक्शन सगळ्यांचे आहे.