प्रश्न समजला नाही, की उत्तर आलं नाही?

प्रश्न : ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा मराठीतून झाली. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलताना आता अडत नाही, पण पेपर हातात आला की एकेक वाक्य तीनदा वाचावं लागतं आणि वेळ संपतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत. सर म्हणाले, ‘आधी इंग्रजी सुधार, मग नर्सिंगचं बघ.’ स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, की हा कोर्सच सोडू?

– एक विद्यार्थिनी

उत्तर : कोर्स सोडू नकोस. क्लासही इतक्यात लावू नकोस, कारण तुझं बोलणं अडलेलंच नाही.

बोलण्याची इंग्रजी आणि पुस्तकातली इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने हा फरक १९७९ मध्ये मांडला. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून त्यांना दिसलं, की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत इंग्रजी घरचीच असलेल्या मुलांच्या बरोबरीला यायला मात्र ५ ते ७ वर्षं लागतात. तुझं नेमकं हेच झालंय. गप्पा जमतात म्हणून पुस्तकही जमायला हवं, असं तुला वाटतं, सरांनाही वाटतं, आणि मग तू स्वतःला ‘ढ’ समजू लागतेस.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधू. राहिलेल्या विषयाचा जुना पेपर घे आणि घड्याळ न लावता सोडव. चुकलेला प्रत्येक प्रश्न मोठ्याने मराठीत सांग : काय विचारलंय आणि उत्तर काय. प्रश्न मराठीत सांगता आला पण उत्तर आलं नाही, तर अभ्यास कमी पडला. प्रश्नच सांगता आला नाही, तर भाषा आडवी आली. दोन्ही जमलं, तर फक्त वाचनाचा वेग कमी आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे तेव्हा नापास झालेल्या मुलींना समोर बसवून हे करून घ्यायचे. ‘हिला काहीच येत नाही’ असा शेरा मिळालेली एक मुलगी हृदयाच्या झडपांचं काम मराठीत इतकं स्वच्छ सांगून गेली, की मी पेपर पुन्हा उघडला. तिने ‘एक्सेप्ट’ हा शब्दच सोडून दिला होता. चारपैकी जे लागू नाही ते निवडायचं होतं, आणि तिने लागू असलेलं पहिलंच निवडलं होतं.

अशा प्रश्नांचा दोष सगळा विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये, असं माझं ठाम मत आहे. बोशर आणि बोल्स या अभ्यासकांनी २००८ मध्ये नर्सिंगच्या परीक्षेतले प्रश्न आशय तोच ठेवून सोप्या वाक्यांत लिहिले. इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांना ते जास्त कळले. तुझ्या हातात पेपर बदलणं नाही. पण ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’, ‘लीस्ट’, ‘फर्स्ट’ हे शब्द दिसले की आधी त्यांना गोल कर, मगच पर्याय वाच.

शब्दांबद्दल एक सांगते. वैद्यकीय शब्द तू पाठ करतेसच. अडवतात ते मधले, कुणीच न शिकवलेले शब्द : सबसीक्वेंट, व्हेअरॲज, इनहिबिट, ॲडजेसंट. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द म्हणजे एक कूळ) यादी केली. अभ्यासाच्या मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द त्यात येतात. रोज पाच घे, पण तुझ्याच पुस्तकातल्या वाक्यासकट वहीत उतरव. सुटा शब्द टिकत नाही.

धडा आधी मराठीत समजून घ्यायला लाजू नकोस. इन्सुलिन काय करतं हे एकदा मराठीत पक्कं झालं, की इंग्रजीत फक्त शब्द बदलायचे उरतात. मी स्वतः विद्यार्थिनी असताना इलियम हा शब्द आतड्याचा भाग की कंबरेचं हाड, यात घोटाळा केला होता. उच्चार एकच, आतड्याच्या स्पेलिंगमध्ये मधलं अक्षर ‘ई’, हाडाच्या स्पेलिंगमध्ये ‘आय’. पाठांतर होतं, चित्र डोळ्यांसमोर नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक शब्दाशेजारी चित्र काढू लागले.

वॉर्डमध्ये मात्र सवलत नाही. ‘हायपो’ (कमी) आणि ‘हायपर’ (जास्त) ऐकताना घोटाळा झाला, तर किंमत रुग्ण मोजतो. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ अशी शंका आली तर ‘वन फाइव्ह?’ असं विचार, ऐकलेली मात्रा पुन्हा म्हणून दाखव, आणि तरीही खात्री नसेल तर औषध देऊ नकोस. रुग्ण ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणाला, तर तो मुंग्या आल्याचं सांगतोय. असे बोलीतले शब्द पाठ्यपुस्तकात शोधून सापडत नाहीत. वॉर्डमधल्या जुन्या सिस्टरना विचारत जा.

सरांनाही जाऊन भेट, पण ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ असं सांगू नकोस. सोडवलेला पेपर समोर ठेव आणि कुठल्या वाक्यात अडलीस ते दाखव. अभ्यास, भाषा, वेग : कुठे किती प्रश्न गेले, ते तीन आकडे मलाही लिहून पाठव. त्यावरून पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक आपण मिळून आखू.