चर्चच्या मंडळीत उपासनेच्या नव्या पद्धतीवरून दोन गट पडले तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नव्या पाळकांनी उपासनेत गिटार, ड्रम आणि पडद्यावरची गीतं आणली, जुनी भजनं मागे पडली, ज्येष्ठ माणसं मागच्या बाकांवर गप्प बसतात आणि तरुण संघ म्हणतो, 'यांना काही नवं नकोच.' आमच्याकडेही हेच झालं होतं. मी तेव्हा पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत होतो.

'आम्हाला कुणी विचारलंच नाही' हे दुखणं ड्रमच्या आवाजापेक्षा खोल असतं. आमच्या एक आजी नव्या गीतांना तोंड मिटून उभ्या राहायच्या, गीतपुस्तक तसंच पिशवीत. कमिटीने ठरवून टाकलं की त्या रागावल्यात. मग एक ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा कळलं, मोतीबिंदूमुळे त्यांना पडद्यावरची अक्षरंच दिसत नव्हती. एक नवं गीत तर त्यांना फार आवडलं होतं. त्यानंतर गीतं मोठ्या अक्षरात छापून बाकांवर ठेवायला लागलो. सगळी नाराजी इतकी सोपी नसते, पण घरी जाऊन विचारल्याशिवाय ती कळतही नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पुन्हा वाचा. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही. मंडळीलाच सात जण निवडायला सांगितलं, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत! म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती काम आलं. आम्हीही गीतं निवडायचं काम दोन्ही पिढ्यांच्या माणसांकडे मिळून दिलं. पेटी-तबला परत आला, गिटारही राहिली. एक कुटुंब मात्र दुसऱ्या चर्चमध्ये गेलं ते गेलंच, त्याचं आजही वाईट वाटतं.

तरुणांना आणि ज्येष्ठांना एकत्र बसवून अभंग-भजनाच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिणारे कवी नारायण वामन टिळक यांच्याबद्दल जरूर बोला. आज ज्याला आपण 'जुनं' म्हणतो ते हेच वळण, पाश्चात्त्य चालींवरच्या गीतांची सवय झालेल्या मंडळ्यांना एकेकाळी नवंच होतं.

आणि घाई करू नका. वेगवेगळ्या चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी 1929 मध्ये सुरू झाली, ऐक्य झालं 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे दोघेही त्यात होते. दोन्ही पद्धती ठेवल्या, म्हणून एकत्र राहता आलं. गीतांच्या बाबतीत आपल्याला एवढं जमू नये का?

व्हॉट्सॲप ग्रुपवर याविषयी एक ओळही लिहू नका. पाळकांच्या बदलीसाठी सह्यांचा अर्ज फिरत असेल तर सही करू नका, चॅरिटी कमिशनरकडे, म्हणजे ट्रस्टचे वाद पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जायची भाषा तर कुणाला काढूच देऊ नका. एकदा प्रकरण तिथे गेलं की भाऊ भावाला सलाम करायचाही थांबतो. मत्तय 18 मध्ये सांगितलंय तसं आधी एकटे पाळकसाहेबांकडे जा. उपासनेनंतर दारात गाठू नका, वेळ मागून घरी जा. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा दोघांना सोबत न्या: मंडळीतला एक ज्येष्ठ आणि एक तरुण संघातला.