मुलगा ड्राफ्ट झाला नाही, आता एमएस कशात करू दे?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न एवढाच विचारलाय की मुलाने किनेसिऑलॉजीची, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राची, डिग्री घेतलीये तर आता एमएस कशात करावं म्हणजे नोकरी पक्की होईल. पण मुख्य गोष्ट तुम्ही मध्येच एका ओळीत उरकलीये: मुलगा मिडवेस्टमधल्या छोट्या कॉलेजातून चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, एप्रिलच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजातली मुलं पाळीपाळीने निवडतात त्यात, त्याचं नाव आलं नाही, तरी एका टीमने त्याच्याशी करार करून सीझनआधीच्या कॅम्पला बोलावलंय, आणि तुम्ही सांगलीच्या नातेवाईकांना आणि तिकडच्या महाराष्ट्र मंडळात सांगून ठेवलंय की तो एमएसला लागलाय.

मला त्या ओळीची काळजी वाटली. 22 वर्षांचा मुलगा शेजारच्या खोलीत बसून ऐकतोय की बाबा फोनवर काकांना आपल्याबद्दल खोटं सांगतायत. चार वर्षं पहाटे उठून वेट्स, मग लेक्चर्स, मग प्रॅक्टिस, मधे गुडघ्याचं ऑपरेशन, आणि हे सगळं करून डिग्री वेळेत, तीही स्कॉलरशिपवर, म्हणजे तुमचा फीचा पैसाही वाचला. यात लपवण्यासारखं काय आहे हो? तुम्ही लिहिलंय की त्याच्या भल्यासाठी करतोय, मला नाही पटलं. नापास मुलाचा बाप म्हणून चार लोकांत उभं राहायला लागू नये म्हणून चाललंय हे. आणि मुळात तो नापास झालेलाच नाहीये.

कारण तुमचा सगळा गैरसमज इथेच आहे. तुम्ही ड्राफ्टला मेरिट लिस्ट समजताय, नाव नाही म्हणजे विषय संपला. 2025 च्या ड्राफ्टच्या सात राउंडमध्ये 257 जण निवडले गेले, पण टीम 32 आहेत आणि प्रत्येक कॅम्पमध्ये 90 जण असतात, उरलेल्या जागा जुने खेळाडू आणि तुमच्या मुलासारखे अनड्राफ्टेड, म्हणजे ड्राफ्टमध्ये न निवडलेले, यांच्यातूनच भरतात. उलट शेवटच्या राउंडमध्ये निवडलेल्याला जी टीम घेईल तिथे जावं लागतं, अनड्राफ्टेड मुलाला दोन-तीन ठिकाणांहून फोन आले तर आपल्या जागेवर कुठे माणसं कमी आहेत ते बघून टीम निवडता येते. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर 1994 मध्ये असाच राहिला, ग्रीन बे टीमच्या कॅम्पमधून काढला गेला, आयोवात किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावत होता, आणि जानेवारी 2000 मध्ये सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. ॲडम थीलेन डिव्हिजन टूच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, कॉलेजातला, 2013 ला ट्रायआउट देऊन मिनेसोटाच्या टीममध्ये शिरला, पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाला ठेवलेले राखीव खेळाडू), मग स्पेशल टीम्समधून (किकच्या वेळी उतरणारी तुकडी) वर आला. तुमचा मुलगा सेफ्टी आहे म्हणताय, म्हणजे बचावातली शेवटची फळी, त्याचाही रस्ता बहुतेक तोच, किकऑफ आणि पंटवर धावत सुटणारा माणूस म्हणून आधी जागा मिळवायची. आणि "आपल्या लोकांचं ते काम नाही" हे तर लिहूच नका, ब्रँडन चिलारचे वडील भारतीय, तो यूसीएलएमधून 2004 ला चौथ्या राउंडमध्ये गेला आणि अनेक वर्षं खेळला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की मुलाला हवेत चढवलं. ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक टीम 90 वरून 53 वर येते, म्हणजे एका झटक्यात हजाराच्या वर मुलं घरी. करार असला तरी त्याच्यासारख्यांचा पगार सहसा गॅरंटीड नसतो, ऑगस्टमध्ये कट झाला तर हातात सही करताना मिळालेली छोटी रक्कम आणि कॅम्पचा भत्ता एवढंच. टिकलेल्या नवख्याला 2025 मध्ये सीझनचे किमान 8,40,000 डॉलर होते, प्रॅक्टिस स्क्वॉडवर आठवड्याला किमान 13,000, पण तिथेही कधीही जा म्हणतात. म्हणून त्याच्याशी बोलायचंच असेल तर हे बोला: गुडघा आता कसा आहे, डोक्याला मार बसला तर डॉक्टरपासून लपवायचं नाही, कट झाला तर कॅनडाची लीग सीएफएल किंवा अमेरिकेतली स्प्रिंगमधली छोटी लीग यूएफएल ट्राय करायची का, आणि किती वर्षं. ही मुदत त्याने ठरवायची, तुम्ही नाही.

एमएस, एमबीए पुढच्या वर्षीही आहेतच, आणि त्याला स्वतःला फिजिकल थेरपी आवडत असेल तर डीपीटीला (फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) लागणारे विषय झालेत का एवढं तपासून ठेवा, बस. त्या बाबतीत पुढचं पत्र त्याचं येऊ दे, तुमचं नको.

एक काम मात्र तुमचं. गणपतीत घरी पंचवीस-तीस माणसं येणार म्हणालात, त्याच्या आत सगळ्यांना खरं काय ते सांगून टाका. कट झालेल्या मुलांना दुसरी टीम उचलते किंवा प्रॅक्टिस स्क्वॉडसाठी फोन येतात, तसा फोन आला तर आरती चालू असली तरी त्याला फोन घेऊन बाहेर जाऊ द्या, आणि तो कोणाशी बोलतोय असं काकूंनी विचारलं तर खरं उत्तर द्या.