नौबत, बँड की वाद्यवृंद? जहाजावरच्या वादकांना काय म्हणावे

प्रश्न एका अनुवादातून आला आहे. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्याविषयीच्या मजकुरातील वाक्य मराठीत असे उतरवले आहे: 'सकाळच्या रंगांच्या वेळी जहाजावर तैनात असलेला लष्करी वाद्यवृंद वाजत होता, हल्ला होताच वादक आपापल्या युद्धस्थानकांकडे धावले.' हे बरोबर आहे का, आणि 'वाद्यवृंद'ऐवजी 'नौबत' घातले तर अधिक मराठी होईल का, कारण त्यात 'नौ' म्हणजे जहाज आहेच, असे विचारले आहे.

आधी नौबतीचे पाहू. या शब्दातल्या 'नौ'चा जहाजाशी काहीही संबंध नाही. नौका, नौदल, नौकानयन यांतला 'नौ' संस्कृत आहे; लॅटिन 'नाविस' आणि ग्रीक 'नाउस' त्याचे भाऊबंद, म्हणून इंग्रजी 'नेव्ही' हा शब्दही आपल्या 'नौ'चा दूरचा नातलग लागतो. 'नौबत' मात्र अरबीतून फारसीमार्गे आली. तिथे मूळ अर्थ पाळी, खेप. दुसऱ्याच्या पाळीवर काम पाहणारा तो 'नायब', त्याच शब्दाच्या अनेकवचनातून 'नवाब'. म्हणजे तहसील कचेरीतले नायब तहसीलदार आणि नगारखान्यातली नौबत ही एका धातूची लेकरे आहेत. राजवाड्याच्या किंवा देवळाच्या दारात पहारा बदलताना, ठरल्या प्रहराला नगारे झडत, त्या वाजवण्याला नौबत म्हणत. पुढे तो नगाराच नौबत झाला. 'उपासमारीची नौबत आली' यातही पाळी येण्याचाच अर्थ आहे. 'पाळी आली' आणि 'नौबत आली' आपण आजही एकमेकांच्या जागी वापरतो.

याच अरबी शब्दाचा 'नूबा' उत्तर आफ्रिकेत झाला आणि फ्रेंच सैन्यातल्या अल्जेरियन पलटणींच्या बँडला तेच नाव पडले. तेव्हा नौबतीचा बँड होऊ शकतो, पण तो तिकडे झाला. मराठीत झाला नाही. मराठीत नौबत म्हटले की नगारा आणि सनई-चौघडाच कानात येतो. जहाजावर नौबतीचे खरे काम कोण करत असे, असे विचाराल तर उत्तर जहाजाची घंटा असे आहे. चार तासांची एक पाळी, दर अर्ध्या तासाला एक टोल वाढत जायचा आणि आठ टोल पडले की पाळी बदलायची. दुपारी ४ ते रात्री ८ एवढ्या वेळात दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या करत, म्हणजे रोज त्याच माणसांवर तीच पाळी येत नसे. घंटेबद्दल लिहिताना नौबतीची आठवण काढायला हरकत नाही. बँडला ते नाव देऊ नये.

आता 'वाद्यवृंद'. शब्द चांगला आहे, आकाशवाणीच्या वाद्यवृंदामुळे कानाला सरावलेला आहे, पण त्यातून ऑर्केस्ट्रा उभा राहतो: बसलेले वादक, व्हायोलिन, समोर संचालक. डेकवरचा बँड म्हणजे क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन अशी फुंकवाद्ये, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, ट्यूबा ही पितळी वाद्ये आणि ड्रम. तंतुवाद्ये नाहीत, कारण उभ्याने किंवा चालत वाजवायचे, तेही उघड्यावर आणि वाऱ्यात. खारी हवा पितळी वाद्यांच्या व्हॉल्व्हना धरते, उन्हाने लाकडी क्लॅरिनेटला तडे जातात, वाऱ्याने कागद उडतात. म्हणून चालत वाजवताना सुरावटीची छोटी कार्डे वाद्यालाच चिमट्याने अडकवतात. गंमत अशी की ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर हीच माणसे रात्री अधिकाऱ्यांच्या भोजनाच्या वेळी व्हायोलिन आणि चेलो घेऊन बसत. त्यांचे बँड रॉयल मरीन्सचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सागरी पायदळाचे, असत आणि १९०३ साली पोर्टस्मथच्या ईस्टनी बराकीत सुरू झालेल्या नौदल संगीतशाळेत प्रत्येकाला एक फुंकवाद्य आणि एक तंतुवाद्य अशी दोन्ही शिकावी लागत. तेव्हा सकाळी तो बँड आणि रात्री वाद्यवृंद. प्रसंग पाहून शब्द निवडावा.

माझे मत 'बँडपथक' या शब्दाच्या बाजूने आहे. वर्तमानपत्रांत 'पोलीस बँडपथक' रोज येते, त्यामुळे तो नव्याने घडवावा लागत नाही. शिवाय यातल्या दोन्ही शब्दांचा प्रवास सारखाच झाला आहे. इंग्रजीत 'बँड' आधी सशस्त्र माणसांची टोळी होती, वाजवणाऱ्यांची टोळी हा अर्थ नंतरचा. मराठ्यांच्या फौजेत पथक म्हणजे सरदाराच्या हाताखालचे घोडदळ; आज पथक म्हटले की आधी ढोल-ताशा आठवतो. लढणे आणि वाजवणे हे दोन्ही अर्थ पोटात असलेला शब्द इथे हवाच आहे, कारण जहाजावरचे हे वादक खरोखरच दोन्ही कामांचे होते.

अमेरिकेच्या 'अ‍ॅरिझोना' या युद्धनौकेवरचे बँडपथक हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. वॉशिंग्टनच्या नौदल संगीतशाळेत अख्खे पथकच एकत्र शिकून तयार होई आणि त्याला क्रमांक देऊन जहाजावर पाठवत. अ‍ॅरिझोनावरचे पथक क्रमांक २२, बँडमास्टर फ्रेडरिक किनी यांच्यासह २१ जण. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ते निशाणाच्या समारंभासाठी डेकवर होते. हल्ला सुरू होताच ते खाली, तोफांच्या दुसऱ्या बुरुजाला दारूगोळा पोचवण्याच्या कामावर धावले. पुढच्या भागातले दारूगोळ्याचे कोठार फुटले आणि २१ पैकी एकही वाचला नाही. जहाजावरचे एकूण १,१७७ जण गेले. पर्ल हार्बरमध्ये तेव्हा जहाजांच्या बँडची स्पर्धा चालू होती. पुढे तिचा करंडक अ‍ॅरिझोनाच्या बँडला मरणोत्तर देण्यात आला.

म्हणूनच 'युद्धस्थानक' हा शब्द मला पटत नाही. स्थानक म्हटले की बस किंवा रेल्वे येते. 'मोर्चा' हा जुना शब्द अर्थाने अचूक होता, पण आज 'वादक मोर्च्यावर धावले' असे लिहिले तर वाचकाला घोषणा देणारी गर्दी दिसेल. सरळ 'लढाईतली नेमून दिलेली जागा' लिहावे. जहाजावर प्रत्येकाची अशी जागा आधीच ठरलेली असते. लढाईच्या वेळी बँड वाजत नसतो, मग ही वीस-बावीस माणसे दारूगोळा चढवणे, जखमींना हलवणे अशा कामांवर लावली जात. ब्रिटिश जहाजांवर त्यांची जागा बहुधा तोफांचे गणित करणाऱ्या खोलीत असे. वरच्या मनोऱ्यातून शत्रूच्या जहाजाचे अंतर आणि दिशा खाली येई, वादक यांत्रिक गणकाची चाके फिरवून आकडे जुळवत आणि तोफांना कोन कळवला जाई. ही खोली जहाजाच्या पोटात, चिलखती डेकच्या खाली असल्यामुळे जहाज बुडू लागले की तिथून वर येणे जवळपास अशक्य. २४ मे १९४१ रोजी 'हूड' ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्यावरचे फक्त ३ जण वाचले आणि त्यांत बँडमधला कोणी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रॉयल मरीन्सचे २२५ वादक मारले गेले. अनुवादात हे वादक नुसते करमणुकीसाठी आणलेले वाटले तर मजकुरावर अन्याय होतो.

'सकाळचे रंग' ही मात्र उघड चूक आहे. नौदलाच्या इंग्रजीत 'कलर्स' म्हणजे निशाण, आणि सकाळी ८ वाजता निशाण चढवण्याच्या समारंभालाही तोच शब्द. मराठीत 'निशाण' जिवंत आहे, शिवकाळापासून आहे, आणि भारतीय नौदलही आपल्या ध्वजाला 'निशान'च म्हणते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नवे निशाण स्वीकारले तेव्हाही हाच शब्द होता. तेव्हा 'सकाळी निशाण चढवणे' आणि 'सूर्यास्ताला निशाण उतरवणे'. क्रिया नीट कळावी म्हणून क्रम सांगतो. अमेरिकी रिवाजात ७:५५ ला तयारीचा बावटा चढतो. ८ वाजता तो उतरतो, बँड राष्ट्रगीत सुरू करतो आणि पहिल्या सुरालाच निशाण झपाट्याने वर जाते. संध्याकाळी उलट: निशाण सावकाश खाली येते आणि शेवटच्या सुराबरोबर हातात येते. बंदरात परदेशी युद्धनौका असल्या तर आपल्यामागोमाग त्यांची राष्ट्रगीतेही वाजवतात. बँड नसेल तर बिगुलावर भागवतात. हा समारंभ जहाज बंदरात किंवा नांगरावर असतानाच होतो आणि निशाण मागच्या टोकाच्या काठीवर असते, म्हणून बँडही जहाजाच्या मागच्या भागात उभा राहतो. अनुवादात 'नाळेवर उभा बँड', म्हणजे पुढच्या टोकावर, असे दिसले तर मूळ वाक्य पुन्हा तपासावे.

बिगुल आणि तुतारी यांचीही सरमिसळ नको. ट्रम्पेटला 'तुतारी' म्हटल्याने काय घोटाळा होतो ते महाराष्ट्राने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाहिले: एका चिन्हाचे नाव 'तुतारी' आणि दुसऱ्याचे 'तुतारी वाजवणारा माणूस'. बँडमधल्या वाद्यांची नावे ट्रम्पेट, बिगुल, क्लॅरिनेट अशीच ठेवावीत.

'लष्करी बँड'बद्दल थोडक्यात. इंग्रजीत 'मिलिटरी बँड' हे वाद्यांच्या एका ठरलेल्या मेळाचे नाव आहे, तो कोणत्याही दलाचा असू शकतो. मराठीत 'लष्करी' म्हटले की भूदल वाटते. म्हणून 'नौदलाचे बँडपथक'. 'तैनात' चालेल, तो आपला 'तैनाती फौजे'पासूनचा शब्द आहे. पण आज त्याला बंदोबस्ताचा वास येतो. 'नेमणुकीवर' अधिक बरे.

किनाऱ्यावरच्या तळांच्या बँडबाबत एक खड्डा हमखास लागतो. ब्रिटिश परंपरेत जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखे नाव देतात आणि ती रीत भारतीय नौदलात चालू आहे. लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी', दाबोळीची 'आयएनएस हंसा' ही जहाजे नव्हेत. नौदलाचे वादक जिथे घडतात ती संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला 'आयएनएस कुंजाली'वर आहे. 'कुंजाली जहाजावरील बँड' असे लिहिले तर जमिनीवरच्या इमारती पाण्यात ढकलल्यासारखे होते. या बँडच्या घडणीत गोव्याचा वाटा मोठा आहे. चर्चच्या शाळांतून गोव्याची मुले लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकत, आणि जहाजी बँडला हवे असते ते हेच: समोर आलेले कोणत्याही देशाचे राष्ट्रगीत कागदावरून वाजवता येणे. 'बीटिंग रिट्रीट'ची धूनही अशीच कागदावरून बसते. त्या 'रिट्रीट'चा अर्थ 'माघार' करू नये, तो दिवस मावळताना सैनिकांना छावणीत परत बोलावण्याचा इशारा आहे. नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियापाशी तो सोहळा होतो.

लेखनाचेही सांभाळा. 'बँड' पुल्लिंगी, 'बंड' नपुंसकलिंगी. चंद्रबिंदूतली कोर गळाली की 'नौदलाचा बँड'ऐवजी 'नौदलाचा बंड' छापले जाते आणि मुद्रितशोधक लिंग सुधारून 'नौदलाचे बंड' करून टाकतो. मग वाचक थेट १८ फेब्रुवारी १९४६ च्या मुंबईत पोचतो. (ते बंड जिथे सुरू झाले ती 'तलवार'सुद्धा जहाज नव्हती, कुलाब्याचा किनारी तळच होता.) टंकताना एक चंद्रबिंदू वापरून 'बँड' लिहावे. काही कळफलकांवर अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देऊन 'बॅंड' होते. दिसायला जवळपास सारखे, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द, त्यामुळे शोधताना निम्मी ठिकाणे सापडत नाहीत. आणि 'बँड वाजला' हा प्रयोग अशा मजकुरात टाळावा. बोलीत त्याचा अर्थ पार वाट लागली असा आहे, आणि इथे माणसे मेली आहेत. 'बँडने राष्ट्रगीत वाजवले', 'बँडने धून धरली' असे लिहावे. 'बँडवाले'पेक्षा 'वादक' किंवा 'बँडमधले नौसैनिक' बरे.

तर वाक्य असे व्हावे: 'सकाळी निशाण चढवण्याच्या वेळी नौदलाचे बँडपथक जहाजाच्या मागच्या डेकवर उभे होते, हल्ला सुरू होताच वादक लढाईतल्या आपापल्या नेमून दिलेल्या जागी धावले.' मूळ मजकूर अ‍ॅरिझोनाचा असेल तर 'उभे होते' एवढेच ठेवा. तिथल्याच 'नेवाडा' या दुसऱ्या युद्धनौकेचा असेल तर 'राष्ट्रगीत वाजवत होते' लिहा: तिथे ओडेन मॅकमिलन यांच्या हाताखालचे २३ वादक वाजवू लागले होते, डेकवर गोळ्या पडून फळ्यांच्या ढलप्या उडाल्या, आणि त्यांनी राष्ट्रगीत पूर्ण केले, मगच ते धावले.