बारीक आहे तरी बीपी वाढलाय. ‘दक्षिण आशियाई’ लोकांवरचं संशोधन मला कोल्हापुरात लागू होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, उंची पाच फूट पाच इंच, वजन ६१ किलो. शिरोली एमआयडीसीत नोकरी. कंपनीच्या शिबिरात बीपी १४६/९४ निघाला. वडिलांना ५१ व्या वर्षी अटॅक आलेला. दारू-सिगारेट नाही, ‘फक्त तंबाखू’. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार लवकर गाठतो असं वाचनात आलं, पण ते लंडन-अमेरिकेतल्या लोकांवरचं असणार असं तुम्हाला वाटतं. मग ते तुम्हाला लागू होतं का, आणि गोळी सुरू करावी का?

आधी माझं सांगतो. मी डॉक्टर नाही. रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही, त्यामुळे ‘सुरू करा’ किंवा ‘नको’ हे मी सांगणार नाही. पण काउंटरवर रोज जी माणसं बघतो त्यातली निम्मी बीपीची असतात, मी स्वतः त्यातलाच एक आहे, आणि गोळी लागली तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

लागू होतं. आणि ते सगळं परदेशात बसून केलेलं नाही. ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, ५२ देशांतला. पहिल्यांदा अटॅक आलेले सुमारे १५,००० जण आणि त्यांच्या तुलनेला तेवढेच धडधाकट लोक. त्यात आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, पाच देशांतली जी माणसं होती त्यांचा वेगळा हिशेब २००७ मध्ये छापून आला, आणि त्या लेखावर पहिलं नाव आहे नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशींचं. त्यात दिसलं की इतर देशांत पहिला अटॅक सरासरी ५९ च्या आसपास येत होता, आपल्याकडे ५३ ला. म्हणजे माणूस अजून कमावता असतो, मुलांची शिक्षणं व्हायची असतात, तेव्हा.

लोक इथपर्यंत वाचतात आणि ‘आपलं रक्तच तसलं’ म्हणून सोडून देतात. पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. तंबाखू, बीपी, साखर, चरबीचं बिघडलेलं प्रमाण, पोट, व्यायाम नाही, भाज्या-फळं नाहीत, ही नेहमीचीच कारणं हिशेबात धरली तर तो लवकर येण्यातला फरक बहुतेक मिटतो. म्हणजे कारणं सगळ्या जगाची तीच. आपल्याकडे ती लवकर गोळा होतात, एवढंच. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे: कारणं तीच चालतात, मोजायच्या पट्ट्या मात्र आपल्याला दुसऱ्या घ्याव्या लागतात.

आता पट्टीचं बघू. तुम्ही दिलेल्या उंची-वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २२.४ येतो. जुन्या तक्त्यात २५ च्या आत म्हणजे उत्तम. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आहे, २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला. शेजारी उभे आहेत लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच, आत मात्र दुपटीचा फरक. तुम्ही त्या फोटोतल्या आपल्या माणसाच्या शेजारी बरोबर बसता.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ ची. आपली बाळं हाता-पायानं, पोटानं, सगळीकडून काटकुळी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे ‘बारीक पण चरबीदार’ ही घडण आईच्या पोटातूनच सुरू होते. (मला हे वाचून जरा हायसंच वाटलं होतं. चाळिशीत सुटलेलं पोट म्हणजे नुसता आपला आळस नव्हे तर! बायकोला हे पटलं नाही.) अमेरिकेत शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांवर २०१० पासून एक अभ्यास चालू आहे, त्याचं नावच ‘मसाला’, कोल्हापूरकराला घरचं वाटावं असं. त्यातही तेच दिसलं: पोटाच्या आत आणि यकृतात चरबी जास्त, स्नायू कमी.

म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगतात, आणि त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे कंबर. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. कृपा करून ‘माझी पँट बत्तीसची’ असं उत्तर देऊ नका. पँट आपण पोटाच्या खाली घालतो, म्हणूनच ती वर्षानुवर्षं बत्तीसची राहते. शिंप्याचा टेप घ्या, शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळा, श्वास सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचं नाही.

‘फक्त तंबाखू’ हा शब्दप्रयोग मला दिवसातून दहादा ऐकायला मिळतो. धूर नाही म्हणजे छातीला धोका नाही असं डोक्यात बसलंय. इंटरहार्टमध्येच मळून-चघळून खाणाऱ्यांचं वेगळं गणित मांडलंय, आणि त्यांच्यात अटॅकचं प्रमाण न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. तुमच्या यादीत हीच एक गोष्ट अशी आहे जिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. डबी आजच टाकता येते.

आता त्या १४६/९४ बद्दल. एका शिबिरातल्या एका आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, आणि का ते माझ्या काउंटरवर कळतं. माणूस गाडी लावून घाईनं येतो, उभ्याउभ्याच स्टुलावर टेकतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधा म्हणतो, हात खाली लोंबकळत, पाय एकावर एक, आणि तोंड चालूच: ‘काय ते पाऊस, पंचगंगेचं पाणी किती आलंय?’ वर आत्ताच चहा झालेला असतो. अशा वेळी आकडा दहा-पंधरानं सहज वर जातो. मी आता मशीन बाजूला ठेवतो आणि आधी पाच मिनिटं गप्प बसवतो. लोकांना वाटतं मी गिऱ्हाईक टाळतोय.

घरी दंडाला बांधायचं मशीन आणा, मनगटाचं नको. लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि रात्री, सात दिवस, आणि आकडे लिहून ठेवा, चांगले-वाईट न निवडता. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर तो खराच बीपी समजतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. रिकाम्या हातानं गेलात तर त्यांनाही एका आकड्यावरच निर्णय घ्यावा लागतो.

गोळी लागलीच तर, काउंटरवरचं थोडं ऐका. ‘एकदा धरली की सुटत न्हाई म्हणत्यात, म्हणून नको’ असं म्हणणारे मामा आमच्याकडे आहेत. चष्मासुद्धा सुटत नाही, पण नंबर आला म्हणून कुणी आंधळेपणानं गाडी चालवत नाही. दुसरे एक आबा स्ट्रिप कापून पाच-पाच गोळ्या नेतात आणि डोकं दुखेल त्याच दिवशी घेतात. जुने पैलवान आहेत, ‘जोर-बैठका मारलेल्या शरीराला काय हुतंय’ हे पालुपद ठरलेलं. बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, हीच तर त्याची अडचण. आणि एक गंमत: अॅम्लोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी, ती शरीरातून फार सावकाश जाते. त्यामुळे दोन दिवस चुकली तरी आकडा फारसा हलत नाही, माणसाला वाटतं गरजच नव्हती, तो बंद करतो, आणि आठवड्याभरानं बीपी पुन्हा होता तिथं. तोवर तो मोजायचा थांबलेला असतो.

‘आपल्या लोकांना कुठली गोळी चालते?’ हेही विचारतात. यावर अलीकडे चांगलं काम झालंय, आणि तेही इथंच. ३२ भारतीय रुग्णालयांत जवळपास २,००० रुग्णांवर दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या देऊन बघितल्या. निकाल २०२४ ला ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. तिन्ही जोड्या सारख्याच उतरल्या, आणि सुमारे ७० टक्के लोकांचा बीपी १४०/९० च्या आत आला. तेव्हा कुठली गोळी चांगली यावर रात्र जागवू नका. डॉक्टर देतील ती रोज घ्या.

मिठाबद्दल लांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगते, देशातली सरासरी आठच्या आसपास निघाली आहे. आपल्याकडे लोक जेवताना वरून मीठ घेत नाहीत आणि ‘मी मीठ कमी खातो’ म्हणतात. पण कांदा-लसूण चटणी करतानाच त्यात मूठभर मीठ पडलेलं असतं, आणि ती चटणी आमटीत, भाजीत, रश्श्यात, भाकरीवर तेल घालून, सगळीकडे. मिसळीवरचं फरसाण खारं, सोबतचा ब्रेडही खाराच. मिसळ सोडा म्हणणार नाही, मी सोडलेली नाही. रोजची चटणी निम्म्यावर आणा, फरक तिथं पडतो.

तुमच्यासाठी खास एक तपासणी. वडिलांना ५१ ला अटॅक, म्हणून डॉक्टरांना लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार) बद्दल विचारा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही, वेगळं सांगावं लागतं. हे बहुतांशी आई-बापाकडून येतं, खाण्यानं-व्यायामानं विशेष बदलत नाही, आणि आपल्या लोकांत जास्त असण्याचं प्रमाण बरंच आहे. रिपोर्टात दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त कडक सांभाळाव्या लागतात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानंही २०२४ मध्ये प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी हे करून घ्यावं असं सुचवलंय. सोबत उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी.

आणि बारीकपणाबद्दल एक माझ्याच घरातलं. आमचे दाजी, तेव्हा ४२ चे, ५८ किलो, सडसडीत. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मिसळ खाऊन थेट दुकानात आले. छातीत जळजळतंय म्हणाले, जबड्यापर्यंत. कपाळावरचा घाम रुमालानं दोनदा पुसला. मी तो घाम बघितला आणि मिसळीच्या कटाला दोष दिला. पित्ताची गोळी दिली, पाण्याचा ग्लास दिला, घरी जाऊन पडा म्हटलं. तीन तासांनी ताईचा फोन. ईसीजी काढला तेव्हा अटॅक सुरू होता. स्टेंट पडला, वाचले, आता रोज रंकाळ्याला एक फेरी मारतात. पण त्यातले तीन तास मी घालवले, औषधाच्या दुकानात उभा राहून. नंतर वाचलं, ८९ रुग्णालयांतल्या २०,००० रुग्णांचा एक भारतीय अभ्यास २००८ ला आला होता. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला निम्म्या लोकांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. माझ्यासारखे पित्ताची गोळी देणारे त्यात किती होते कोण जाणे.

तुम्हाला कधी तसं झालं, जळजळ, दडपण, घाम, हात किंवा जबडा भरून आल्यासारखा, तर मेडिकलमध्ये जाऊ नका. १०८ लावा, नाहीतर कुणाला तरी गाडी काढायला सांगून ईसीजी निघेल अशा दवाखान्यात थेट जा. स्वतः गाडी चालवू नका. माझ्याकडे आजही रविवारी सकाळी कुणी पित्ताची गोळी मागितली की मी आधी त्याच्या कपाळाकडे बघतो.